छपराखालची शर्यत

मी लिंबापासून फाटकापर्यंत पळालो, मित्राने १५ आकडे मोजले. परत येताना १८! दम लागला असेल म्हणून दुसऱ्या दिवशी फाटकाकडूनच निघालो. तरी १८च. वारा समोरून होता ना!

१०० मीटरच्या शर्यतीत मागचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असला तर विक्रम धरत नाहीत, असे गुरुजींनी सांगितले. थंड देशांत हिवाळ्यात छपराखाली शर्यती घेतात. तिथं वारा नाही, म्हणजे सगळे जोरात पळत असतील, असं मला वाटलं. पण बाहेरचा फेरा ४०० मीटरचा, आतला २०० चाच. ३००० मीटरला बाहेर साडेसात फेरे, आत पंधरा! वळणं दुप्पट, आणि वळणावर वेग मोडतो. म्हणून तिथं वळणाची बाहेरची बाजू उंच करतात.

अविनाश साबळे यांना २०२२ साली बर्मिंगहॅमला ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळाले. ती शर्यत बाहेरच असते. तिच्यात पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. ते आष्टी तालुक्याचेच, पण ती आष्टी बीडची, आपली नव्हे.