रोग्यानं दाखवलेली वाट : पॉल आणि मार्गारेट ब्रँड यांची वेल्लोरमधली वर्षं

डॉ. पॉल ब्रँड १९४६च्या अखेरीस लंडनहून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. त्यांच्या पत्नी डॉ. मार्गारेट पुढच्या वर्षी दोन लहान मुलांना घेऊन आल्या. बेत थोड्या मुदतीचा होता, पण दोघांनी तिथे जवळजवळ वीस वर्षं काढली. १९६०च्या दशकाच्या मध्यावर ती दोघं अमेरिकेला गेली, तोवर कुष्ठरोगाकडे पाहण्याची डॉक्टरांची नजरच बदलली होती. या रोगानं बोटं आपोआप झडत नाहीत, रोग्याचं मांस ‘नासकं’ नसतं, त्याची जखम इतरांच्या जखमेसारखीच भरते, हे आज कुणीही डॉक्टर सहज सांगेल. ते जगापुढे सिद्ध करण्यात या जोडप्याचा वाटा फार मोठा आहे.

त्या वर्षांचा मागोवा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. पुढचं काम कोणतं, हे दर वेळी रोग्यानं ठरवलं. त्याचा हात दुरुस्त झाला तर पोटाचा प्रश्न उभा राहिला, तो सुटतोय तोवर पायाची जखम दिसली, आणि पायापाठोपाठ डोळे. ब्रँड पती-पत्नी त्या त्या प्रश्नामागे चालत राहिली. धर्मश्रद्धेतून परदेशी सेवेला जाणारी माणसं पुष्कळ असतात, पण तिथल्या माणसाला आपला मार्गदर्शक मानणारी थोडी.

पॉलना भारत नवा नव्हता. त्यांचा जन्म १९१४ सालचा, तमिळनाडूतल्या कोल्ली मलईच्या डोंगरातला. आई-वडील, एव्हलिन आणि जेसी ब्रँड, बॅप्टिस्ट मिशनरी होते. वडील डोंगरातल्या लोकांना औषधपाणी देत, घरं बांधायला आणि शेती सुधारायला मदत करत. धर्मप्रसाराला मात्र कित्येक वर्षं कुणी दाद दिली नाही. एका पुजाऱ्यानं मरणाच्या दारात आपली तान्ही मुलगी या परदेशी जोडप्याच्या हाती सोपवली, तेव्हा कुठे लोकांच्या मनातली अढी सुटू लागली. प्रवचनांनी जे साधलं नव्हतं, ते एका अनाथ लेकराला घरात घेतल्यानं साधलं. पॉल नऊ वर्षांचे असताना त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. पुढे वडिलांची भेट झालीच नाही. १९२९मध्ये जेसी ब्रँड ‘ब्लॅकवॉटर फीवर’ या तापानं डोंगरातच वारले.

रक्त आणि पू पाहून शिसारी येणाऱ्या पॉलना आधी डॉक्टर व्हायचंच नव्हतं. ते सुतारकाम आणि गवंडीकाम शिकले. वैद्यकाकडे वळले ते नंतर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात शिकताना त्यांची मार्गारेट बेरींशी ओळख झाली, १९४३मध्ये लग्न झालं. बाँबहल्ल्यांच्या त्या काळात लंडनमध्ये हाती आलेल्या जखमींवर उपचार करता करता हाताच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात बसला. आणि तरुणपणी शिकलेली सुतारकीही पुढे वाया गेली नाही.

वेल्लोरला आल्यावर लवकरच डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी पॉलना चेंगलपट्टूची कुष्ठरोग वसाहत दाखवायला नेलं. कॉक्रेन त्वचारोगतज्ज्ञ होते. ते चट्टे दाखवत होते आणि पॉलचं लक्ष रोग्यांच्या हातांवर होतं. बोटं आत वळलेली, ताठलेली, झिजून थोटकी झालेली. हे हात असे का होतात, असं त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. अस्थिशल्यतज्ज्ञानं या रोगाकडे तोवर जवळजवळ पाहिलंच नव्हतं. पॉलनी एका रोग्याला आपला हात घट्ट दाबायला सांगितला. त्या वाकड्या हाताची पकड इतकी जोरकस निघाली की त्यांना कळ आली. म्हणजे या हातातले काही स्नायू लुळे पडले आहेत आणि काही पूर्ण शाबूत आहेत. मग शाबूत स्नायू लुळ्यांच्या कामाला जुंपता येतील का? पुढचं सगळं काम या प्रश्नातून निघालं.

पुढे मृत रोग्यांच्या शरीराचं विच्छेदन करून मज्जातंतू तपासले, तेव्हा रोगाची चाल उमगली. हा जंतू शरीराच्या थंड भागात वाढतो. कोपर, मनगट, गुडघा, चेहरा अशा ज्या ठिकाणी मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून जातात, तिथे ते सुजतात आणि निकामी होतात. त्या खालचे छोटे स्नायू लुळे पडतात आणि संवेदनाही जाते. पण हाताच्या वरच्या भागातल्या स्नायूंना बळ देणारे तंतू सुजलेल्या जागेच्या आधीच फुटलेले असतात, म्हणून ते स्नायू वाचतात. १९४८च्या सुमारास पॉलनी अशा चांगल्या स्नायूची कंडरा वळवून लुळ्या बोटांना जोडायला सुरुवात केली. शस्त्रक्रियेनंतर रोग्याला महिनोन्‌महिने व्यायाम करून त्या स्नायूला नवं काम शिकवावं लागे. त्यासाठी मालीश, मेणाचा शेक आणि फिजिओथेरपीची व्यवस्था उभी राहिली. इतर रोगी घाबरून निघून जातील म्हणून कुष्ठरोग्यांना मुख्य इस्पितळात खाट मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. पहिलं काम आवाराच्या कडेच्या लहानशा जागेत सुरू झालं.

मुठीत भात धरून स्वतःच्या हातानं जेवणारा माणूस तिथून बाहेर पडू लागला. पण सुरुवातीच्या रोग्यांपैकी एक जण काही दिवसांनी परत आला आणि म्हणाला की, हे हात भीक मागायला कामाचे नाहीत. वाकडी बोटं दिसली की लोक पैसे टाकत. आता हात धड दिसतो म्हणून भीक मिळत नाही, आणि अंगावर रोगाच्या खुणा आहेत म्हणून काम मिळत नाही. एवढी मेहनत करून डॉक्टरनं माणसाला उपाशी ठेवलं होतं. ब्रँडनी या तक्रारीला रोग्याचा कृतघ्नपणा मानलं नाही. ती त्यांनी पुढची दिशा म्हणून घेतली.

त्यातून १९५१मध्ये वेल्लोरला ‘नव जीव निलयम’ सुरू झालं. साध्या मातीच्या झोपड्या, सुतारकामाची शाळा आणि रोग्यांनी बनवलेली लाकडी खेळणी. पॉल त्यांना रंधा आणि करवत चालवायला स्वतः शिकवत. त्याच काळात महाराष्ट्रातही हाच विचार रुजत होता. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६पासून कुष्ठरोग्यांचं काम मांडलं होतं. वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे आणि साधनाताई याच सुमारास माळरानावर विहीर खोदत होते. पुण्यात कोंढव्याच्या कुष्ठरोग इस्पितळात डॉ. नोशीर अँटिया पुढे शस्त्रक्रियेनं रोग्यांना नवा चेहरा, नवे हात देऊ लागले. या सगळ्यांनी रोग्याला दयेचा धनी न ठेवता कष्टाचा धनी केलं. वेल्लोरचं इंग्रज जोडपं आणि वरोऱ्याचं मराठी जोडपं यांच्या धर्मांची भाषा वेगळी होती. माणसाला त्याच्या हातांचं काम परत मिळालं पाहिजे, हे मात्र दोन्हीकडे तितक्याच निष्ठेनं मानलं गेलं.

सुतारशाळेत नवा प्रश्न दिसला. दुरुस्त केलेल्या हातांवर रोज नव्या जखमा होऊ लागल्या. जुनी समजूत अशी की रोगच बोटं खातो. ब्रँड आणि त्यांच्या रोग्यांनी मिळून प्रत्येक जखमेचा माग काढायला सुरुवात केली. कुणी तापलेल्या भांड्याला हात लावला होता, कुणी हत्याराची मूठ गरजेपेक्षा जास्त आवळली होती, कुणी गंजलेलं कुलूप बोटं फाटेपर्यंत पिळलं होतं. दुखत नसल्यामुळे कुणाला काही कळलं नव्हतं. काही जणांची बोटं मात्र रातोरात नाहीशी होत. एकानं दिवा लावून रात्रभर पहारा केला, तेव्हा दिसलं की झोपेत उंदीर बोट कुरतडतात. त्यानंतर घरी जाणाऱ्या रोग्यानं सोबत मांजर न्यायचं, असा दंडकच ठरला.

पायांचीही तीच गत होती. बधिर पायाला खडा टोचल्याचं कळत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्या जखमेवर पाय देऊन चालतच राहतो. ब्रँडच्या चमूनं नाना तऱ्हांच्या चपला करून पाहिल्या. त्यातून सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल पुढे आली. आज आपल्याकडे ती ‘एमसीआर चप्पल’ म्हणून ओळखली जाते. वेदना ही शरीराची राखणदार आहे, ती नसणं हाच या रोगातला खरा घात, हा पॉलचा सिद्धांत असा रोग्यांच्या पावलांवरून तयार झाला.

या कहाणीत मार्गारेट ब्रँड बऱ्याचदा ‘डॉक्टरांची पत्नी’ म्हणून मागे राहतात, याची मला खंत वाटते. वेल्लोरच्या नेत्रविभागात माणूस हवा होता, म्हणून त्यांना तिथे बोलावलं. आपल्याला डोळ्यांतलं काही येत नाही, असं त्यांनी कळवलं. शिकाल, असं उत्तर आलं. आणि मुलांचा सांभाळ करता करता त्या खरोखरच शिकल्या. गावोगावच्या नेत्रशिबिरांत, मिळेल त्या छपराखाली, त्यांनी मोतीबिंदू काढले.

मग कुष्ठरोग्यांचे डोळे त्यांच्यासमोर आले. चेहऱ्याचा मज्जातंतू गेला की पापणी मिटत नाही, बुबुळाची संवेदना गेली की डोळ्यात कचरा गेल्याचं कळत नाही. उघडा डोळा दिवसरात्र धूळ खातो, सुकतो, त्याला व्रण पडतो आणि शेवटी दृष्टी जाते. अंध माणूस एरवी बोटांनी जग चाचपतो. या माणसाची बोटंही बधिर. त्याला भाकरीचा तुकडा हातात आहे की नाही, हेसुद्धा कळायचं नाही. कुष्ठरोगातलं अंधत्व टाळणं किती निकडीचं आहे, ते मार्गारेट यांनी ओळखलं आणि आयुष्यभर त्याचा पाठपुरावा केला. वेल्लोरला एक शस्त्रक्रियाही रुळली. चावण्याच्या स्नायूची एक पट्टी पापणीपर्यंत न्यायची, म्हणजे रोग्यानं दात आवळले की डोळा मिटतो. पापणी मिटणं ही आपोआप होणारी गोष्ट, पण या माणसांना ती आठवणीनं करावी लागे. चावायची सवय लावून घ्या, असं डॉक्टर त्यांना पुन्हा पुन्हा बजावत.

या दोघांनी उभं केलेलं काम त्यांच्यावर अडून राहिलं नाही, हेही सांगायला हवं. १९५५मध्ये जवळच करिगिरीला कुष्ठरोग संशोधन आणि प्रशिक्षणाचं केंद्र उभं राहिलं. १९५४च्या मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झालेल्या डॉ. मेरी वर्गीस यांना पॉलनी हाताच्या शस्त्रक्रियेकडे वळवलं. त्या चाकांच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया करू लागल्या आणि पुढे वेल्लोरमध्ये पुनर्वसन विभाग त्यांनीच घडवला. मिशनरी गेले तरी काम चालतंय, ही मिशनच्या कामाची मला सगळ्यांत मोलाची कसोटी वाटते. आणि पॉलच्या आई एव्हलिन? म्हातारपणी मिशननं निवृत्त केल्यावर त्या आपल्या बळावर पुन्हा डोंगरात गेल्या, आणि १९७४मध्ये वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी वारल्या, तोवर तिथल्याच लोकांत राहिल्या.

अमेरिकेत लुईझियानामधल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग इस्पितळात पॉल आणि मार्गारेट दोघांनीही काम केलं. तिथे पॉलच्या लक्षात आलं की मधुमेह्यांचे बधिर पाय वेल्लोरच्या पायांसारखेच आहेत. जखम झालेल्या पायावरचा भार वाटून घेणारं प्लॅस्टर, योग्य पादत्राण, रोज तळवा तपासण्याची शिस्त, हे भारतातल्या गरीब रोग्यांकडून शिकलेलं ज्ञान त्यांनी तिथल्या मधुमेह्यांसाठी वापरलं. त्यातून अनेकांचे पाय कापायचे वाचले. पॉल २००३मध्ये गेले, मार्गारेट २०१४मध्ये.

आज बहुविध औषधोपचारानं कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, तरी भारतात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. औषधानं जंतू मरतो, निकामी झालेला मज्जातंतू सहसा परत येत नाही. गोळ्यांचा डबा संपला आणि नाव यादीतून निघालं की ‘रोगमुक्त’ माणसाच्या तळव्याकडे, बुबुळाकडे, रोजगाराकडे पाहणारं कुणी उरतं का, हे प्रत्येक जिल्ह्यानं स्वतःला विचारलं पाहिजे. ब्रँड दांपत्याच्या कामाचा आदर करायचा तर रोग्याची पुढची तक्रार ऐकायला कुणीतरी जागेवर असलं पाहिजे, आणि ती ऐकल्यावर कामाची वाट बदलण्याची त्याची तयारी असली पाहिजे.