ख्रिस्ती मंडळ्यांचे ऐक्य : एका प्रयोगाचा परामर्श



या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय वरवर पाहता एका धर्मसमाजाचा घरगुती प्रश्न वाटेल. परंतु प्रामाणिकपणे भिन्न मते बाळगणारी माणसे एका छपराखाली कशी नांदावीत, हा प्रश्न सर्वांचाच आहे. म्हणून ज्यांचा ख्रिस्ती धर्माशी संबंध नाही, त्यांनीही हे विवेचन आपलेपणाने ऐकावे, अशी विनंती आहे.

प्रॉटेस्टंट मिशने भारतात आली ती आपापले पंथभेद बरोबर घेऊन. हे भेद इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिका येथील इतिहासात जन्मलेले. इकडे मिशनांनी आपसांत कार्यक्षेत्रे वाटून घेतली. त्यामुळे एखादा मनुष्य अँग्लिकन व्हायचा की प्रेस्बिटेरियन, हे पुष्कळदा त्याच्या मतापेक्षा त्याच्या तालुक्यावर ठरे. ही विसंगती विचारी भारतीयांना बोचू लागली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन पंथात झाला. तथापि एका पंथाचे जोखड त्यांनी मानेवर घेतले नाही, आणि केडगावचे मुक्ती मिशन पंथभेदापलीकडे ठेवले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला; त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही आसन होते.

संघटित प्रयत्नांचा आरंभ मे १९१९ मध्ये तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे झाला. त्यात अग्रभागी होते ते निजामाच्या राज्यातील दोर्नकलचे बिशप अझरय्या, १९१२ साली अभिषिक्त झालेले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. पुढच्याच वर्षी वाटाघाटी सुरू झाल्या आणि २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ अस्तित्वात आले. अझरय्या १९४५ च्या पहिल्या दिवशीच निवर्तले होते.

एवढी वर्षे का लागली? ख्रिस्ताविषयीच्या मूळ श्रद्धेवर वाद नव्हता. गाठ होती ती दीक्षेची. अँग्लिकनांच्या मते प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेतील बिशपाने मस्तकावर हात ठेवल्यावाचून पाळकाची दीक्षा पूर्ण होत नाही. प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल व मेथडिस्ट यांचे पाळक तर बिशपावाचून दीक्षित झालेले. त्यांना पुन्हा दीक्षा द्यावी, तर आजवरची त्यांची सेवा खोटी ठरते. न द्यावी, तर अँग्लिकनांची सद्सद्विवेकबुद्धी दुखावते. तोडगा निघाला तो काळाच्या आधाराने. एकीकरणाच्या वेळी सेवेत असलेले सर्व पाळक समान मानावेत. यापुढील प्रत्येक दीक्षा बिशपांच्या हस्ते व्हावी. संक्रमणासाठी ३० वर्षांची मुदत असावी. आणि कोणत्याही मंडळीवर तिला मनोमन अमान्य असलेला पाळक लादू नये. वादात कोणी हरले नाही. पुढची पिढी आपोआप एकाच दीक्षेची झाली.

उत्तरेत निराळा मार्ग निघाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. तेथे आरंभीच सर्वांनी परस्परांच्या मस्तकी हात ठेवून प्रार्थना केली, आणि या कृतीने कोणाला नेमके काय लाभले, याचा निवाडा देवावर सोपविला. बाप्टिस्टांच्या सहभागामुळे बालकांचा बाप्तिस्मा की कळत्या वयातील, हाही पेच होता; दोन्ही रीती मान्य करून तो सोडविण्यात आला.

या यशाची किंमतही सांगितली पाहिजे. आंध्रातील नंद्याळ भागात अनेक अँग्लिकन ऐक्याबाहेर राहिले. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्ट मंडळीने १९७० साली अगदी अखेरच्या टप्प्यात अंग काढून घेतले. आपल्या बेळगावातील मेथडिस्ट मंडळी याच परंपरेतील. गोव्यातील बहुसंख्य ख्रिस्ती रोमन कॅथलिक. त्यांचा या प्रयोगाशी संबंध नव्हता. कॅथलिक व लूथरन यांनी तारणाच्या सिद्धांतावर संयुक्त निवेदन केले ते ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, म्हणजे सुमारे पावणेपाचशे वर्षांच्या दुराव्यानंतर. शिवाय घटना एक झाली म्हणून मने एक होतातच असे नाही. जात, भाषा आणि मालमत्ता यांवरून एकत्रित मंडळ्यांतही तंटे झाले आहेत.

तरीही या प्रयोगातून मला तीन गोष्टी घेण्याजोग्या वाटतात. जो भेद युक्तिवादाने सुटत नाही, त्याला काळाची मुदत द्यावी. ज्याचा अर्थ मनुष्याला निश्चित सांगता येत नाही, तेथे नम्रपणे मौन पाळावे. आणि दुसऱ्याने आजवर निष्ठेने केलेली सेवा निरर्थक होती, असे त्याच्याकडून वदवून घेण्याचा आग्रह धरू नये. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. आणि माझ्या मते, ती साधल्यावाचून पहिल्या दोहोंचा उपयोग नाही.

सीमेवर राहणाऱ्या आपणा सर्वांना ती पंथापुरतीच नव्हे, तर भाषा आणि शेजार यांच्या व्यवहारातही रोज कसोटीला लावावी लागते.