वीस मिनिटांची शांतता

गेले होते म्युझिक प्लेअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या झुंजीवर लिहायला. अडकले एका तबकडीपाशी.

पुण्यात जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या टेबलावर २००१ सालचा पहिला आयपॉड पाठ उघडून ठेवला होता. त्यांनी गाणं लावलं. “कान लावा,” म्हणाले. आत बारीक घरघर झाली, काही सेकंदांत थांबली. गाणं मात्र चालूच.

ती घरघर तोशिबाच्या १.८ इंची हार्ड डिस्कची. जाडी ५ मिलिमीटर, पोटात ५ जीबी.

झुंज तिच्याआधीच पेटली होती. १९९८ मध्ये कोरियाच्या साएहानचा एमपीमॅन आला, त्याच वर्षी अमेरिकेत डायमंडचा रिओ. मेमरी ३२ एमबी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने रिओवर खटला भरला. जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाने डायमंडच्या बाजूने निकाल दिला आणि सगळ्यांचीच वाट मोकळी झाली. सिंगापूरच्या क्रिएटिव्हने २००० मध्ये नोमॅड ज्यूकबॉक्स काढला. ६ जीबी! पण आत लॅपटॉपची डिस्क, त्यामुळे आकार सीडी प्लेअरचा. खिशात मावेना.

२००१ च्या फेब्रुवारीत अॅपलचे जॉन रुबिनस्टाइन जपानला गेले, तेव्हा तोशिबाने ही चिमुकली डिस्क त्यांना दाखवली. तिचं करायचं काय, हे तोशिबालाच उमगलेलं नव्हतं. ऑक्टोबरात आयपॉड जाहीर झाला, नोव्हेंबरात बाजारात.

पण फिरती डिस्क वीज खाते आणि धक्क्याला भिते. चालता-पळता माणूस गाणी ऐकणार कसा? तोड अशी काढली की डिस्कने जागं व्हायचं, पुढची वीसेक मिनिटांची गाणी शेजारच्या चिपमध्ये भरायची आणि झोपायचं. ती चिप ३२ एमबीची. रिओत जेवढी मेमरी म्हणजे अख्खं कोठार होती, तेवढीच इथे नुसती पडवी झाली. या झुंजीतली सगळ्यात देखणी चाल मला हीच वाटते.

अशा डिस्कचं राज्य फार टिकलं नाही. पुढे प्लेअरमध्ये एक इंची डिस्क आल्या. क्रिएटिव्हचा एक प्लेअर तर लोक फोडण्यासाठीच विकत घेत, कारण आतली डिस्क सुटी घेतली तर प्लेअरपेक्षा महाग पडे. सप्टेंबर २००५ मध्ये फिरता भाग नसलेला आयपॉड नॅनो आला, आणि नोव्हेंबरात अॅपलने फ्लॅश मेमरीसाठी सव्वाशे कोटी डॉलर आगाऊ मोजायचं ठरवलं. एवढी ऐपत दुसऱ्या कोणाची? रिओ त्याआधीच, ऑगस्टमध्ये संपला होता. क्रिएटिव्हला मेनूच्या पेटंटपोटी २००६ मध्ये अॅपलकडून १० कोटी डॉलर मिळाले. पैसे आले, बाजार गेला. याची मला अजून हळहळ वाटते. डिस्कवरचा शेवटचा आयपॉडही २०१४ मध्ये थांबला. सुटे भागच मिळेनासे झाले होते.

आता काकांकडे येणारी बरीच मंडळी डिस्क काढून मेमरी कार्ड बसवून घेतात. कार्डाला धक्क्याची भीती नाही, वीजही कमी लागते. काका ते काम मन लावून करतात. काढलेल्या डिस्क मात्र फेकत नाहीत. फोमच्या तुकड्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवतात.

मी उठणार तोच टेबलावर पुन्हा घरघर सुरू झाली. ती थांबेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.