शीतशुष्कन यंत्रावरील निर्वातमापक : बसवणी, वापर आणि निगा

स्ट्रॉबेरी, फणस, आंबा यांचे शीतशुष्कन, म्हणजेच फ्रीझ ड्रायिंग, करताना कक्षातील दाब ६.११ मिलिबार या पाण्याच्या त्रिक बिंदूच्या बराच खाली, सामान्यतः ०.१ ते १ मिलिबार इतका ठेवावा लागतो. तरच बर्फ न वितळता थेट वाफ होतो. हा दाब दाखविण्यासाठी अनेक यंत्रांवर संवहन निर्वातमापक, म्हणजे कन्व्हेक्शन व्हॅक्यूम गेज, बसविलेला असतो. मार्चेल्लो पिरानी यांनी १९०६ मध्ये मांडलेल्या तत्त्वाचा हा सुधारित प्रकार आहे. त्यातील तापलेल्या सूक्ष्म तारेची उष्णता भोवतालचा वायू किती वेगाने वाहून नेतो, यावरून दाबाचे अनुमान काढले जाते. दाब थेट मोजला जात नाही, ही गोष्ट वापरकर्त्याने कायम ध्यानात ठेवावी. पुढील बहुतेक दक्षता तिच्यातूनच उद्भवतात.

बसविताना मापकाच्या नळीचा अक्ष आडवा आणि जोडमुख खाली असावे. सुमारे १ मिलिबारच्या वर संवहनाचा परिणाम मोजला जातो, त्यामुळे नळी तिरकी राहिल्यास वाचन चुकते. मुख खाली असले की साचलेले पाणी व तेल तारेपर्यंत पोहोचत नाही. पंपाच्या किंवा वायू सोडण्याच्या नळीच्या अगदी जवळ मापक बसवू नये. कक्ष आणि मापक दोन्ही अर्थिंगला जोडलेले असावेत. आट्यांवर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपमुळे हा विद्युतसंपर्क तुटू शकतो, म्हणून तो प्रत्यक्ष तपासून घ्यावा.

यानंतर वातावरणीय दाबाची जुळवणी करावयाची असते, आणि बंगळुरूसारख्या ठिकाणी नेमकी येथेच चूक होते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवेचा प्रत्यक्ष दाब ९१० मिलिबारच्या आसपास असतो. पुण्यात तो सुमारे ९५०, तर महाबळेश्वरला ८६५ मिलिबारच्या जवळपास असतो. हवामानाच्या बातमीतील १०१० किंवा १०१३ हा आकडा मात्र समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो. तो मापकात भरू नये. स्थानिक वायुभारमापकाचे प्रत्यक्ष वाचन घ्यावे, मापक किमान १५ मिनिटे चालू ठेवून तापू द्यावा आणि कक्ष हवेला उघडा असताना जुळवणी करावी.

हा फरक किरकोळ नाही. समजा, बंगळुरूत मापक योग्य जुळविलेला आहे, पण चालक सवयीने १०१३ आकडा येईपर्यंत बंद कक्षात नायट्रोजन सोडत राहिला. अशा वेळी कक्षातील दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे १०० मिलिबार अधिक होतो. ६० सेंटिमीटर व्यासाच्या दारावर तो आतून जवळजवळ ३०० किलो वजनाइतका जोर लावतो. कडी सैल करताच दार अंगावर येऊ शकते.

त्याहून गंभीर धोका आरगॉनचा आहे. वेल्डिंगच्या दुकानातून नायट्रोजनऐवजी आरगॉनचे सिलिंडर येणे अशक्य नाही. आरगॉन उष्णता कमी वाहतो. त्यामुळे खरा दाब समुद्रसपाटीवरील वातावरणाइतका, म्हणजे ७६० टॉर, झाला तरी नायट्रोजनसाठी जुळविलेला मापक केवळ २४ टॉरच्या आसपास दाखवितो. पडद्यावर अद्याप निर्वात दिसतो आणि चालक वायू सोडतच राहतो. म्हणून सिलिंडरवरील नाव वाचल्याशिवाय झडप उघडू नये, आणि कक्षावर दाबमुक्ती झडप अवश्य असावी. खोलीत हवा खेळती हवी, कारण नायट्रोजन व आरगॉन दोन्ही गुदमरविणारे आहेत. ज्वलनशील वाफा असतील तेथे तापलेल्या तारेचा हा मापक वापरूच नये.

शीतशुष्कनात हाच दोष उपयोगीही पडतो. पाण्याची वाफ हवेपेक्षा अधिक उष्णता वाहते, त्यामुळे प्राथमिक शुष्कनात मापक खऱ्या दाबाच्या सुमारे १.६ पट वाचतो : प्रत्यक्ष ०.३ असता ०.४८ मिलिबार. यंत्रावर कपॅसिटन्स मॅनोमीटरही असेल तर तो खरा दाब दाखवितो. बर्फ संपत आला की वाफेची जागा हवा घेते आणि दोन्ही वाचने एकमेकांजवळ येतात. फळाच्या आत बर्फ उरला नाही, हे ताट बाहेर न काढता कळण्याचा हा चांगला मार्ग आहे. घाईने तापमान वाढवून घाणा बिघडविण्यापेक्षा या दोन आकड्यांकडे लक्ष ठेवणे बरे.

निगेविषयी थोडेच सांगावयाचे आहे, पण ते काटेकोर आहे. शून्याची जुळवणी ०.०००१ टॉरच्या खालीच करावी. साध्या रोटरी पंपावर तो निर्वात सहसा मिळत नाही, म्हणून ते काम प्रमाणीकरण प्रयोगशाळेकडेच सोपवावे. तेलाची वाफ किंवा फळाची भुकटी आत गेल्यास वाचन सरकते. तेव्हा वीज बंद करून मापक काढावा, मुख वर धरून आयसोप्रोपिल अल्कोहोल भरावे, थोड्या वेळाने ओतून टाकावे आणि मुख खाली ठेवून रात्रभर वाळू द्यावे. दाबयुक्त हवेचा झोत, ब्रश किंवा अल्ट्रासॉनिक सफाई वापरू नये. केसाहून बारीक तार तुटते. साधा मल्टिमीटर लावून तारेची परीक्षा घेणेही टाळावे, कारण त्याच्या विद्युतदाबानेसुद्धा ती जळू शकते.