स्वेच्छावाचक शब्दांची कुळकथा : ग्रीक 'हेकोन्', आमचा 'वश' व दप्तरांतील 'राजीनामा'

बीड, अंबाजोगाई, गेवराई या बाजूच्या जुन्या दप्तरांत खरेदीखतें, वांटणीपत्रें, जामीनकतबे चाळूं लागलें म्हणजे एक मजकूर पुनःपुन्हां भेटतो. लिहून देणारा कागद 'आत्मसंतोषें' देतो, 'राजीरजावंदीनें' देतो. कागद फारशी अगर उर्दू असल्यास 'बिला जबर व इकराह', म्हणजे जुलूमजबरदस्तीवांचून, देतो. हा प्रांत निजामशाहींतून मोगलांकडे व पुढें आसफजाही अमलांत गेला आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानांत राहिला. त्यामुळें संस्कृत व अरबी-फारशी अशा दोन्ही वळणांचीं हीं संमतिवाचक पदें येथें सरमिसळ सांपडतात. संग्राहक नांवें, मिती व शिक्के टिपून घेतात आणि हा मजकूर ठराविक म्हणून सोडून देतात. आमच्या मतें तो सोडण्याजोगा नाहीं. इच्छा दाखविणारा शब्द फार काळ इच्छेपाशीं थांबत नाहीं. तो सत्तेकडे, परवानगीकडे किंवा त्यागाकडे सरकतो, आणि हें सरकणें ध्यानांत न घेतल्यास कागदाचा अर्थ उलटा लागतो.

याचें फार जुनें उदाहरण आपल्या नित्याच्या 'वश' शब्दांत आहे, व तें उमगण्यास ग्रीक भाषेचें साह्य होतें. ग्रीक भाषेंत आपखुशीनें वागणाऱ्यास 'हेकोन्' आणि नाखुशीनें वागणाऱ्यास 'आकोन्' म्हणत. होमरच्या काव्यांत दुसऱ्याचें रूप 'आएकोन्' असें आहे. घडणीवरून 'हेकोन्' हें वर्तमानकालवाचक धातुसाधित दिसतें, परंतु त्याचा मूळ धातु ग्रीक भाषेंत क्रियापद म्हणून उरलेला नाहीं. शब्दाच्या आरंभीं पूर्वीं वकार होता. लोक्रिस प्रांतांतील कोरीव लेखांत तो लिहिलेला आढळतो. तो वकार परत बसविला म्हणजे नातें उघड होतें. ग्रीकांनीं जो धातु गमावला तो वैदिक भाषेनें राखला : 'वश्' म्हणजे इच्छिणें. ऋग्वेदांत 'वष्टि' हें क्रियापद आहे, 'उशन्' व 'उशती' हीं धातुसाधितें आहेत, आणि पतीची अभिलाषा धरणाऱ्या स्त्रीच्या उपमेंतील 'उशती' तर प्रसिद्धच आहे. 'हेकोन्' आणि 'उशन्' हे एका घरचे भाऊ होत. अवेस्ता व हित्ती भाषांतही हा धातु इच्छेच्याच अर्थीं येतो.

आमच्याकडे पुढें काय झालें? 'वश' हें नाम प्रथम इच्छावाचक होतें. ज्याची इच्छा चालते त्याची सत्ता, म्हणून 'वश' म्हणजे सत्ता झाली. आणि दुसऱ्याच्या सत्तेंत गेलेला तोच 'वश', असें होऊन मराठींत शब्द अगदीं विरुद्ध टोंकास पोंचला. ग्रीक 'हेकोन्' आपल्या मर्जीचा, आमचा 'वश' दुसऱ्याच्या मर्जींतला! नकारार्थी 'अवश' मात्र ग्रीक 'आकोन्'च्या पंक्तीस राहिला. गीतेच्या तिसऱ्या व अठराव्या अध्यायांत त्याचा अर्थ ज्याचें स्वतःचें कांहीं चालत नाहीं असा आहे. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांच्या गीतार्णवाची पोथी ज्यांच्या हातीं येईल त्यांनीं या पदावरील विवरण अवश्य पाहावें. हा 'अवश्य'ही त्याच कुळांतला : जें वश करतां येत नाहीं, म्हणून टळत नाहीं, तें अवश्य, मराठींत तो आग्रहाच्या निमंत्रणांत गोड होऊन बसला आहे. ('वशिला' मात्र या घरचा नव्हे, तो अरबी 'वसीला'.)

ग्रीकांचे दुसरे स्वेच्छावाचक शब्द येथें फारसे उपयोगी नाहींत. 'प्रोथुमिया', म्हणजे उत्सुक तयारी, यांतील 'थुमोस' हा आपल्या 'धूम' शब्दाचा भाऊ आहे, इतकें कौतुकासाठीं नोंदवितों.

शब्दापेक्षां त्यावर झालेला विचार अधिक कामाचा आहे. आरिस्तोतलानें नीतिविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत वादळांत सांपडलेल्या जहाजाचें उदाहरण घेतलें आहे. आपला माल समुद्रांत कोणीही हौसेनें फेंकीत नाहीं, पण जीव वांचविण्यासाठीं शहाणा मनुष्य तो फेंकतो. हें कृत्य स्वेच्छेचें कीं सक्तीचें? तो त्यास मिश्र म्हणतो, आणि स्वेच्छेकडे झुकतें ठरवितो. १६३०–३२ च्या दुष्काळासारख्या प्रसंगीं कोणी वतन विकून 'आत्मसंतोषें' असें लिहून दिलें, तर प्रश्न नेमका हाच आहे. याज्ञवल्क्यस्मृति स्वहस्तें लिहिलेला लेख साक्षीदारांवांचूनही प्रमाण मानते, परंतु बलानें अगर कपटानें करविलेला मानीत नाहीं. हनफी पंथाच्या 'हिदाया' ग्रंथांत 'इकराह' म्हणजे सक्ती या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. सक्तीनें झालेली विक्री सक्ती सरल्यावर मोडतां येते किंवा मान्य करतां येते. पंडित असो वा काजी, दोघांनाही विचारायचें तें एकच : कोणी मनुष्यानें जुलूम केला काय? दुष्काळ हा कोणाचा जुलूम नव्हे. म्हणून 'आत्मसंतोषें' हें पद पुढच्या तक्रारीचें तोंड बंद करण्यासाठीं आहे. विकणारा संतुष्ट होता असा पुरावा त्यांतून काढणें धाडसाचें होईल.

आतां अरबी घराण्याकडे वळूं. 'राजी', 'रजा', 'मर्जी' हे तिन्ही शब्द, तसेच 'रजावंदी' व 'नाराज', एकाच धातूचे असून मूळ अर्थ पसंती असा आहे. 'रजा' ही संमति होती, तिची परवानगी झाली, आणि परवानगीनें मिळणारी सुटी हाच आज तिचा मुख्य अर्थ उरला. 'मर्जी' बहुधा वरिष्ठाचीच राहिली. 'राजीनामा' सर्वांत फसवा. पेशवाईच्या न्यायपद्धतींत पंचायतीपुढें वाद चालण्यापूर्वीं वादी-प्रतिवादी राजीनामे लिहून देत. त्यांत पंचांचा निवाडा मान्य करण्याची कबुली असे. मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलांत जमीन सोडणारा खातेदार राजीनामा देई व घेणारा कबुलायत. संमतिपत्राचें त्यागपत्र कसें बनत गेलें तें येथें दिसतें. तेव्हां अठराव्या शतकांतील राजीनाम्याची यादींत 'नोकरी सोडल्याचा कागद' अशी नोंद करण्यापूर्वीं त्याच रुमालांत त्याच पक्षांचें जामीनपत्र, निवाडपत्र अगर हरलेल्या पक्षाचें येजितखत आहे काय तें पाहावें, आणि असल्यास हे कागद एकमेकांपासून वेगळे करूं नयेत.