काटा खरं सांगू लागला

सोमवारची पहाट होती. फजरची नमाज आटोपून मी सासूबाईंना गाडीत बसवलं. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, त्यांना डायलिसिससाठी आमगावहून गोंदियाला न्यावं लागतं. अंतर पंचवीसेक किलोमीटरचं. ठरलेली वेळ चुकली की यंत्रावर दुसरा रुग्ण घेतला जातो आणि आपण बाहेरच्या बाकावर ताटकळत बसतो. हे नोकरीनिमित्त नागपूरला असतात, त्यामुळे गाडी चालवणं माझ्याकडे.

अर्ध्या वाटेत गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. दोन्ही बाजूंना कापणीला आलेल्या धानाच्या बांध्या, वर दाट धुकं आणि मागच्या सीटवर पाय सुजलेल्या सासूबाई. पेट्रोल संपलं होतं. काटा ‘ई’ वर होता, पण तो गेले पाच महिने तिथेच होता! टाकी भरली तरी ‘ई’, रिकामी असली तरी ‘ई’. म्हणून आम्ही किलोमीटर मोजून हिशेब ठेवायचो. शनिवारी पुतण्या गाडी घेऊन लग्नाला देवरीपर्यंत जाऊन आला आणि सांगायचं विसरला. तिथेच हिशेब चुकला.

शेताकडे निघालेल्या एका दादांनी आपल्या मोटारसायकलची नळी काढून पाण्याच्या बाटलीत लिटरभर पेट्रोल दिलं. पैसे घेतले नाहीत. “आजीबाईंना आधी पोचवा,” एवढंच म्हणाले. अल्लाह त्यांचं भलं करो. आम्ही चाळीस मिनिटं उशिरा पोचलो आणि दुपारपर्यंत बसून राहिलो. सासूबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काट्यामागे असतं तरी काय?

आमच्या मोहल्ल्यात एक चाचा राहतात. चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. हात शिकला तो फियाट आणि ॲम्बेसिडरवर. आता नजर अधू झाली आहे आणि बोटं थरथरतात. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, “बेटा, गाडी अंगणात लाव. मी खुर्चीवर बसतो. हात तुझे, डोकं माझं.”

आधी त्यांनी मला गोष्ट समजावून सांगितली. पेट्रोलच्या टाकीत एक छोटा तरंगता डबा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. पेट्रोल वरखाली झालं की फ्लोटही वरखाली होतो. त्याच्या दांडीचं टोक एका रोध-पट्टीवर घासत सरकतं आणि विजेला होणारा अडथळा, म्हणजेच रोध, कमी-जास्त होतो. हा रोध ओहममध्ये मोजतात. या सगळ्या भागाला सेंडर म्हणतात. डॅशबोर्डमधला काटा दुसरं काही मोजत नाही. आपल्यातून वीज किती जाते, एवढंच तो दाखवतो.

जुन्या अनेक गाड्यांत काट्यामागे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. तिच्याभोवतीची तार वीज वाहिली की तापते, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. म्हणूनच चावी फिरवल्यावर अशा गाडीत काटा झटकन न उठता सावकाश चढतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत टाकी भरलेली असताना रोध अगदी थोडा असतो आणि रिकामी होताना तो शंभर ओहमच्या आसपास जातो. काही गाड्यांत मात्र हे उलट असतं, म्हणून आपल्या गाडीचं पुस्तक आधी पाहावं.

आता मुद्द्याची गोष्ट. काट्यातून निघालेली वीज सेंडरमधून जाऊन शेवटी गाडीच्या पत्र्याला मिळते. यालाच मेकॅनिक लोक अर्थिंग म्हणतात. ही वाट कुठेही तुटली की वीज वाहत नाही आणि आमच्यासारख्या गाडीत काटा ‘ई’ वरच पडून राहतो. टाकी काठोकाठ भरली तरी!

दोष शोधण्याचा क्रम

“लोक आधी डॅशबोर्ड उघडतात,” चाचा म्हणाले. “तिथे दोष सगळ्यात कमी असतो, आणि मोडतोड सगळ्यात जास्त होते.” त्यांनी सांगितलेला क्रम असा.

पहिली पायरी पाहण्याची. एकच काटा बंद आहे की पेट्रोल आणि तापमान असे दोन्ही? दोन्ही एकदम बंद पडले तर फ्यूज किंवा डॅशबोर्डला मिळणारा वीजपुरवठा तपासायचा. आमचा एकच काटा बंद होता, म्हणजे दोष त्याच्याच वाटेवर.

दुसरी पायरी सेंडरच्या टोपीपर्यंत पोचण्याची. आमच्या गाडीत मागची सीट उचलली की पत्र्याचं गोल झाकण दिसतं. त्याखाली वायरींची टोपी आणि थोड्या अंतरावर बॉडीला स्क्रूने आवळलेली काळी वायर.

इथे चाचांनी मला थांबवलं. पेट्रोलची वाफ ठिणगीनं पेटते, म्हणून काम उघड्या अंगणात, चारही दारं उघडी ठेवून, दिवसाउजेडी करायचं. जवळ चूल, अगरबत्ती, विडी काही नको. पेट्रोलचा वास येत असेल तर काम तिथेच बंद. आणि टाकीचं तोंड घरी उघडायचंच नाही. त्या दिवशी अंधार पडला होता, म्हणून पुढचं सगळं काम आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी केलं.

तिसरी पायरी चाचणीची. चावी बंद ठेवून टोपी काढली. काट्याकडून आलेली वायर एका छोट्या बारा व्होल्टच्या बल्बमधून पत्र्याच्या स्वच्छ जागेला जोडली. जोडणी पक्की झाल्यावरच चावी चालू केली. आधी चावी लावून मग वायर टेकवली तर ठिणगी पडते, म्हणून हा क्रम चुकवायचा नाही. काही सेकंदांत पाच महिने झोपलेला काटा हळूहळू वर सरकू लागला. मी लहान मुलीसारखी ओरडले, “चाचा, उठला!” काटा आणि तिथपर्यंतची वायर दोन्ही ठीक होते. लगेच चावी बंद केली.

चौथी पायरी मल्टिमीटरची. हा मीटर काहीशे रुपयांत मिळतो, आम्ही शेजारच्या आयटीआयच्या मुलाकडून मागून आणला. चावी बंद ठेवून तो ओहमवर लावला. सेंडरच्या दोन टोकांवर आकडा आला. गाडी थोडी हलवली, पेट्रोल हिंदकळलं, आकडाही हलला. म्हणजे फ्लोट जिवंत होता. मग काळी वायर आणि बॉडीचा पत्रा यांच्यामध्ये मोजलं. तिथे आकडा जवळजवळ शून्य यायला हवा, पण मीटर काहीच दाखवेना. वाट तिथेच तुटली होती.

स्क्रू काढला तर खाली तांबूस गंजाचा थर. पावसाचं पाणी दारातून झिरपून तिथे साचत असावं. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीच्या टोकाला नवी पितळी थिंबल बसवली, स्क्रू आवळला आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात दिला. चावी फिरवली. काटा पाव टाकीच्या जरा वर जाऊन थांबला. खर्च शंभर रुपयांच्याही आत! पाच महिने आम्ही ‘मीटरच बदलावं लागेल’ म्हणून काम पुढे ढकलत होतो.

कुठे हात लावू नये

नव्या गाड्यांत काटा थेट सेंडरला जोडलेला नसतो. मध्ये संगणक असतो. तिथे वर सांगितलेली बल्बची चाचणी करू नये. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर त्या भागाची खोलाखोल घरी नको. फ्लोट अडकला असेल किंवा रोध-पट्टी झिजली असेल तर टाकी उघडावी लागते. ते काम जाणकार मेकॅनिकचं.

तापमानाचा काटा बंद असेल तर एक दिवसही थांबू नये. विदर्भाच्या मे महिन्यात रेडिएटरमधलं पाणी कमी झालं आणि काट्यानं सांगितलं नाही, तर इंजिनाचं हेड जातं. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नये. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

राहिला वेगाचा काटा. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून आलेली केबल एक चुंबक फिरवते आणि त्याच्या ओढीनं काटा हलतो. ऑटो शुल्झ यांनी १९०२ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. काटा थरथरत असेल तर बहुतेक वेळा केबल कोरडी पडलेली किंवा मुडपलेली असते.

त्याच मीटरमध्ये किलोमीटरचे आकडे असतात. जुनी गाडी विकताना ते मागे फिरवून देणारे लोक आहेत. मापात खोट करणाऱ्यांना आपल्या दीनमध्ये किती कडक ताकीद आहे हे आपण जाणतोच. फिरवलेला मीटर ही तीच खोट आहे. दुरुस्ती करताना आकडे बदलले किंवा मीटर नवा बसवला, तर घेणाऱ्याला ते सांगणं हा त्याचा हक्क आहे.

आपला तक्ता आपण करावा

काटा सुरू झाला तरी त्यावर लगेच डोळे मिटून विसंबू नये. टाकीचा आकार वेडावाकडा असल्यामुळे ‘अर्धा’ म्हणजे बरोबर अर्धी टाकी असतेच असं नाही. आम्ही पंपावर सपाट जागी गाडी उभी केली आणि पाच-पाच लिटर पेट्रोल भरत दर वेळी काटा कुठे येतो ते लिहून घेतलं. पेट्रोल कमी भरलं जातंय अशी शंका आली तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं. ग्राहकाला ते मागून तपासता येतं. हा छोटा तक्ता आता स्टिअरिंगजवळ चिकटवलेला आहे. त्याखाली एक वहीही आहे. गाडी जो नेईल त्यानं किती किलोमीटर झाले ते लिहायचं. पहिली सही पुतण्याची, न सांगता केलेली.

गुरुवारी आम्ही पुन्हा निघालो. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या. मी चावी फिरवली. त्या चष्मा सावरून काट्याकडे पाहत राहिल्या. तो हळूहळू चढत अर्ध्याच्या पुढे गेला आणि थांबला.

“चल बेटी,” त्या म्हणाल्या, “आज वेळेवर पोचू.”

वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो.