हरवलेल्या चित्रपटांचे साक्षीदार

जबलपूरजवळील खमरिया म्हटले की दारूगोळ्याचा कारखाना आठवतो. परंतु जुन्या चित्रपटांची फीतही बंदुकीच्या दारूच्याच कुळातील होती, हे आपणांस ठाऊक आहे काय? धूररहित दारूचा मुख्य घटक असलेल्या नायट्रोसेल्युलोजचीच ती बनत असे. म्हणून ती क्षणात पेट घेई.

हॉलिवूडचा ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ (१९२७) हा मूकपट असाच आगीत नाहीसा झाला. मात्र प्रसिद्धीसाठी निराळ्या कॅमेऱ्याने टिपलेली त्याची स्थिरचित्रे मागे राहिली. ती क्रमाने जुळवून २००२ साली त्याची कथा दूरचित्रवाणीवर पुन्हा साकारण्यात आली. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याचीही प्रत आज उपलब्ध नाही. त्याचे दर्शन घडते ते छायाचित्रांतूनच. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने फितींबरोबर अशी छायाचित्रेही जतन केली, ती याचसाठी.

वाचकहो, आपल्या संग्रही असे चित्र असल्यास त्यामागे मऊ पेन्सिलीने चित्रपटाचे व नटनटींचे नाव लिहावे. डिंकाने ते वहीत चिकटवू नये. कागदी पाकिटात, ऊन व ओल यांपासून दूर ठेवावे. हौसेने जपलेला तो कागद उद्या एखाद्या चित्रपटाचा अखेरचा पुरावा ठरेल.